बालहट्ट : कारणे आणि उपाय

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट यांपुढे कोणाचे काही चालत नाही, असे जुने लोक म्हणत. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या जयपूर नगरीस यांपैकी पहिल्या हट्टाचा परिचय पुष्कळ होता. १९४९ साली जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि राजहट्ट इतिहासजमा झाला. दुसऱ्या हट्टाचे नाव पुरुषांनीच ठेवलेले असल्यामुळे त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. तिसरा हट्ट मात्र त्रिपोलिया बाजारापासून बडी चौपडीपर्यंत आजही कोणत्याही सायंकाळी दृष्टीस पडतो.

फुगेवाला समोरून जातो. आईचे बोट धरून चालणारे दोन-अडीच वर्षांचे मूल थबकते, फुगा मागते आणि नकार मिळताच रस्त्यावर अंग टाकून देते. हातपाय आपटणे, किंचाळणे, पाठीची कमान करणे, उचलून घेणाऱ्यास लाथा मारणे हे सर्व प्रकार चार-पाच मिनिटांत होऊन जातात. आई ओशाळते, वडील डोळे वटारतात, आजी फुगा घेऊन देण्यास सुचविते आणि अनोळखी माणसेही आपापला सल्ला देऊ लागतात. कोणी म्हणतो, मूल लाडाने बिघडले. कोणी म्हणतो, एक चापट द्या म्हणजे गप्प बसेल.

हे दृश्य जयपूरचे तसेच पुण्याचे, नागपूरचे आणि जगातील कोणत्याही नगराचे आहे. यास्तव ते घडते कशामुळे, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. बालहट्ट हा मुलाचा दुर्गुण नसून त्याच्या वाढीतील एक पायरी आहे. आपल्या भावनांना आवर घालण्याची शक्ती मुलाच्या ठायी अद्याप आलेली नसते. ती येईपर्यंत मोठ्यांनी आपली शांती त्यास उसनी द्यावयाची असते. पुढे सांगितलेले सर्व उपाय या एका तत्त्वातून निघतात.

हट्टाचे वय आणि स्वरूप

मुलांच्या रागाचे पद्धतशीर निरीक्षण करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने केला. त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. ४५ मुलांच्या मातांनी आपल्या मुलाच्या प्रत्येक रागाची नोंद घरी लिहून ठेवली आणि अशा १,८७८ प्रसंगांचा अभ्यास त्यांनी केला. रागाचे झटके दुसऱ्या वर्षी सर्वांत अधिक येतात व पुढे वयाबरोबर कमी होत जातात, असे त्यांना आढळले. लहान मुलांचे पुष्कळसे झटके न्हाणे, कपडे घालणे, निजणे अशा नित्याच्या कामांवरून उद्भवत. जेवणाची वेळ जवळ आली असता, मूल थकले असता किंवा त्यास साधे पडसे झाले असता त्यांची संख्या वाढे.

२००३ साली मायकेल पॉटेगल व रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षे वयाच्या ३३५ मुलांच्या आकांडतांडवाचे वर्णन त्यांच्या पालकांकडून मिळविले. त्यांपैकी तीनचतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात संपले होते. या अभ्यासातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न झाली. अशा प्रसंगात दोन भावना मिसळलेल्या असतात : एक क्रोध व दुसरी दुःख. किंचाळणे, लाथा मारणे, वस्तू फेकणे ही क्रोधाची चिन्हे आरंभी लवकरच कळसास पोचतात व ओसरू लागतात. मुसमुसणे, कुरकुरणे व जवळ घेण्याची अपेक्षा ही दुःखाची चिन्हे मात्र प्रारंभापासून अखेरपर्यंत टिकतात. म्हणजे लाथा मारणारे मूल त्याच वेळी आधारही शोधत असते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्यास पालकांचा निम्मा त्रास कमी होतो. पहिली ही की, वादळ थोड्याच वेळात आपोआप शमणारे आहे. आणि दुसरी ही की, ते शमल्यावर मुलास मायेची गरज लागणार आहे.

हट्टाच्या मुळाशी काय असते

पहिले कारण स्वत्वाची जाणीव हे होय. एक वर्षाचे मूल चालू लागते आणि आपण आईहून वेगळे आहोत, आपली इच्छा वेगळी आहे, हे त्यास हळूहळू उमगते. ‘नाही’ हा शब्द या वेगळेपणाची पहिली खूण होय. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अवस्थेस स्वायत्ततेची अवस्था म्हटले आहे. या वयात मुलास काहीच ठरवू दिले नाही, किंवा प्रत्येक चुकीबद्दल त्यास लाजविले, तर त्याच्या मनात स्वतःविषयी संशय रुजतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘मीच करणार’ असे म्हणत उलटा सदरा घालणारे मूल आईचा वेळ घेते हे खरे. परंतु स्वावलंबनाचा पहिला धडा ते त्याच वेळी गिरवीत असते.

दुसरे कारण भाषेची अपूर्णता. दोन वर्षांच्या मुलास मोठ्यांचे बोलणे पुष्कळ कळते, परंतु स्वतःस मात्र दोन-दोन शब्दांचीच वाक्ये बोलता येतात. ‘मला भूक लागली आहे, जोडा बोचतो आहे, आणि आताच खेळ सोडून घरी जाणे मला आवडत नाही’, एवढे त्यास सांगावयाचे असते. जवळ शब्द नसल्यामुळे ते सर्व अंगाने सांगते. भाषा वाढते तसा हट्ट उतरणीस लागतो, याचे हेही एक कारण आहे.

तिसरे कारण मेंदूच्या रचनेत आहे. भय व क्रोध यांच्याशी संबंध असलेले बदामाच्या आकाराचे केंद्र मेंदूत खोलवर असते व ते जन्मापासून काम करू लागते. त्यास लगाम घालणारा, थांबून विचार करविणारा भाग कपाळाच्या पाठीमागे असतो. त्याची वाढ सर्वांत सावकाश होते व माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. घोडा आज आला व लगाम पुढे अनेक वर्षांनी मिळणार, अशी लहान मुलाची स्थिती असते. रागाच्या भरात त्यास उपदेश केला असता तो वाया जातो, कारण तो ऐकून वागणारा भागच त्या वेळी हतबल झालेला असतो.

या तिन्ही कारणांस शरीराची अवस्था खतपाणी घालते. जयपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दुपारी झोपमोड झालेल्या मुलाकडून शहाणपणाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. श्रावणात तीजेची सवारी त्रिपोलिया दरवाजातून निघते. ती पाहण्यासाठी दोन-दोन तास गर्दीत, ढोलताशांच्या आवाजात उभे केलेले मूल अखेरीस घेवरच्या तुकड्यावरून रडू लागते. रडण्याचे निमित्त घेवर असते. कारण मात्र तहान, थकवा व गोंगाट हे असते.

हट्ट उद्भवू नये म्हणून

पुष्कळ हट्ट आधीच टाळता येतात. त्यासाठी दिवसाचा क्रम शक्य तितका ठरावीक असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलास दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. लग्नकार्यात व सणासुदीस ही झोप प्रथम बुडते. बाजारात जावयाचे तर मुलाची झोप व खाणे झाल्यावर जावे; सोबत पाणी व थोडा खाऊ ठेवावा; उन्हाळ्यात सकाळी अथवा सायंकाळी निघावे.

मुलास लहानसहान गोष्टींत निवड करू द्यावी. ‘आंघोळीला चल’ असे फर्मान सोडण्यापेक्षा ‘आधी पाय धुवायचे की हात?’ असे विचारावे. आंघोळ होणे हे ठरलेलेच असते. परंतु त्यातील काही भाग आपण ठरविला, याचे समाधान मुलास लाभते. मात्र जेथे निवड नाही तेथे प्रश्न विचारू नये. ‘घरी जायचे का?’ असे विचारून ‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावर मुलास ओढत नेणे म्हणजे त्याचा विश्वासघात करणे होय.

एका कामातून दुसऱ्या कामात जाताना पूर्वसूचना द्यावी. ‘आणखी तीन झोके, मग घरी’ हे दोन वर्षांच्या मुलास घड्याळातील मिनिटांपेक्षा अधिक कळते. नियम थोडे असावेत व ते पाळले जावेत. विस्तव, रस्ता, गच्चीचा कठडा यांविषयीचा ‘नाही’ कधीही बदलू नये. मकरसंक्रांतीस सारे जयपूर पतंगांसाठी गच्चीवर चढते, त्या दिवशी या नियमाचे महत्त्व विशेष असते. उलट, फुटण्याजोग्या वस्तू उंचावर ठेवल्या तर दिवसातून वीस वेळा ‘नाही’ म्हणण्याची गरजच उरत नाही.

हट्टाच्या वेळी

इतके करूनही हट्ट होणारच. त्या वेळी पालकांनी प्रथम स्वतःचा आवाज खाली आणावा. मूल स्वतःस इजा करून घेईल अशा ठिकाणी असेल तर त्यास उचलून बाजूस न्यावे. बाजाराच्या बरामद्यात एका कडेला बसावे. त्याच्या उंचीस येऊन त्याची भावना थोडक्या शब्दांत सांगावी : ‘फुगा हवा होता. मिळाला नाही, म्हणून राग आला.’ भावनेस असे नाव मिळाल्याने पुढे मूल स्वतःही शब्द वापरावयास शिकते. त्यानंतर वाद घालू नये, समजावीत बसू नये. जवळ राहावे व वाट पाहावी.

चंद्र हवा म्हणून हट्ट धरणाऱ्या बाळरामाची लोककथा घरोघरी सांगितली जाते. त्याला कोणी रागावले नाही; आरशात अथवा पाण्यात चंद्राचे प्रतिबिंब दाखविले आणि तो रमला. दोन वर्षांच्या आतील मुलाचे लक्ष अशा रीतीने दुसरीकडे वळविणे हा उत्तम उपाय आहे. परंतु तो हट्टाच्या आरंभीच साधतो. वादळ भरात आल्यावर पुढे केलेले खेळणे मूल फेकून देते.

ज्या गोष्टीस नकार दिला ती रडण्यामुळे देऊ नये. तसेच रडल्याबद्दल शिक्षाही करू नये. रडण्याने फुगा मिळत नाही आणि आईही दुरावत नाही, हे दोन्ही अनुभव मुलास एकाच वेळी मिळाले पाहिजेत. शांत झाल्यावर त्यास जवळ घ्यावे, पाणी पाजावे व झाल्या गोष्टीची उजळणी न करता पुढील कामास लागावे. मूल न रडता थांबले किंवा त्याने शब्दांनी मागणी केली, तर त्याची आवर्जून वाखाणणी करावी. कारण ज्या वर्तनाकडे लक्ष पुरविले जाते ते वर्तन वाढते.

घराची एकवाक्यता

येथे सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. जयपूरच्या जुन्या शहरातील हवेल्यांत, तसेच महाराष्ट्रातील कित्येक घरांत, मुलाभोवती आईबापांखेरीज आजी, आजोबा, काका, आत्या अशी अनेक माणसे असतात. ही मुलाची मोठी संपत्ती होय. थकलेल्या आईच्या हातून मुलास घेणारे कोणी असणे यासारखे दुसरे सुख नाही. परंतु आईने नाकारलेला फुगा आजीने दिला, तर त्याचा परिणाम काय होतो, हे १९५९ साली कार्ल विल्यम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या एका वृत्तांतावरून दिसते.

तो वृत्तांत एकवीस महिन्यांच्या एका मुलाचा आहे. ते मूल पूर्वी दीर्घकाळ आजारी होते, त्यामुळे त्यास फार जपावे लागले होते. आजार बरा झाल्यावरही निजताना ते आकांत करी व त्यास झोप लागेपर्यंत कोणास तरी अर्धा ते दोन तास खोलीत थांबावे लागे. प्रकृती ठीक असल्याची खात्री झाल्यावर आईबापांनी त्यास प्रेमाने निजवून खोलीबाहेर जाण्याचे ठरविले. पहिल्या वेळी मूल ४५ मिनिटे रडले. पुढे रडणे घटत गेले आणि दहाव्या वेळी तर ते हसतमुखाने निजले. सुमारे एक आठवड्याने त्याच्या मावशी-आत्यांपैकी एकीने त्यास निजविले; ते कुरकुरताच ती कळवळून परत आली. तेवढ्याने रडणे पुन्हा सुरू झाले आणि सर्व उपाय पहिल्यापासून करावा लागला. दुसऱ्यांदा तो नेटाने पार पाडल्यावर पुढील दोन वर्षे तसा आकांत झाला नाही.

हा एकाच मुलाचा अनुभव आहे व मुलास एकटे निजविण्याची पद्धत भारतीय घरांत रूढ नाही. तिचे अनुकरण करावे असे नव्हे. परंतु त्यातील नियम सर्वत्र लागू पडतो. दहा वेळा रडून एकदा जरी वस्तू मिळाली, तरी अकराव्या वेळी अधिक रडावे, असे मूल शिकते. यात लबाडी नसते. हा शिकण्याचा सामान्य नियम आहे. म्हणून आजी-आजोबांसह घरातील वडीलधाऱ्यांनी मूल समोर नसताना एकत्र बसून चार-पाच नियम ठरवावेत. सुनेने सासूबाईंना बाजारात मुलासमोर विरोध करण्यापेक्षा घरी शांतपणे विनंती करणे अधिक फलद्रूप होते. आजीस मुलाचे लाड करावयाचे असतील तर ते जरूर करावेत; मात्र ते मूल हसत असताना करावेत, रडण्याची किंमत म्हणून करू नयेत.

घातक उपाय

मारणे हा सर्वांत जुना व सर्वांत निष्फळ उपाय. चापटीने मूल क्षणभर दचकून थांबते. परंतु राग आला की हात उचलावा, हेच ते शिकते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे सुरू केलेल्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात शिक्षेस स्थान नव्हते. तोच विचार त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथील आपल्या कार्यातून महाराष्ट्रात रुजविला. मारल्याशिवाय मूल वळण घेत नाही, हा समज त्यांच्या कार्याने खोटा ठरविला.

भीती दाखविणेही तितकेच अयोग्य. मराठी घरांत बागुलबुवा, तर जयपुरात ‘हौवा’ मुलास न्यावयास येतो. अशा धाकाने मूल गप्प बसते, पण रात्री अंधारास भिते.

तिसरा प्रकार मुलास गुंगीत ठेवण्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक माता कामावर जाताना तान्ह्या मुलास अफू घातलेली बाळागोळी देत. मुलाकडे पाहण्यास कोणी नसल्याने ती त्यांची अगतिकता होती. परंतु कित्येक मुलांच्या जिवावर तो उपाय बेतला. आज त्या गोळीची जागा काही अंशी मोबाइल फोनने घेतली आहे. त्याने मूल तत्काळ शांत होते, परंतु स्वतःस शांत करण्याचा सराव त्यास मिळत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शांत करण्यासाठी वारंवार अशी साधने देणे आणि पुढील काळात त्यांच्या भावना अधिक भडकणे यांचा संबंध आढळला. मुलग्यांत तो विशेष होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या वरील सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत पडदा दाखवूच नये व पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

प्रत्येक चिडचिड ही केवळ हट्ट नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी राजस्थानात शेकडा ७१.५ व महाराष्ट्रात शेकडा ६८.९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. शरीरात लोह कमी असलेले मूल फिके, मरगळलेले व चिडचिडे असते. कित्येकदा ते माती खाते. अशा मुलास हट्टी म्हणून मारणे हा दुहेरी अन्याय होय. लोहयुक्त औषध वैद्याच्या सल्ल्याने द्यावे. अंगणवाडी व आशा कार्यकर्तीकडून मिळणारे लोहाचे द्रव औषध चुकवू नये. आहारात पालेभाज्या, बाजरी, डाळी व त्यांवर लिंबू असावे. गायी-म्हशीचे दूध दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक नसावे, कारण दुधाने पोट भरलेले मूल अन्न खात नाही. चहा मुळीच देऊ नये.

काही मुले रडता रडता श्वास रोखतात, निळी पडतात व क्षणभर शुद्ध हरपते. हे दृश्य भयंकर वाटले तरी मूल हे जाणूनबुजून करीत नाही. बहुतेक मुलांत श्वास आपोआप परत येतो व पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत हा विकार जातो. त्या वेळी मुलास कुशीवर निजवावे. गदागदा हलवू नये, तोंडात पाणी घालू नये. या विकाराचा रक्तक्षयाशी असलेला संबंध १९६३ साली निदर्शनास आणला गेला व १९९७ साली जॉर्डनमध्ये झालेल्या प्रयोगात लोह दिल्याने पुष्कळ मुलांचे झटके कमी झाले. असा झटका प्रथमच आल्यास वैद्याकडून तपासणी अवश्य करावी.

यांखेरीज दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यास पाहत नसेल, नेहमी स्वतःस चावत अथवा डोके आपटून घेत असेल, झटके वारंवार अर्ध्या तासाच्या आसपास टिकत असतील, किंवा पाच वर्षांनंतरही ते कमी झाले नसतील, तर विलंब करू नये. जयपुरात मुलांसाठी जे. के. लोन हे मोठे शासकीय रुग्णालय आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली देशभर अंगणवाड्यांतूनही मुलांची तपासणी होत असते. तिचा लाभ घ्यावा.

उपसंहार

बालहट्टाचा काळ दोन-तीन वर्षांचा असतो. परंतु त्या काळात मुलास मिळालेली शिकवण दीर्घकाळ टिकते. रडून सर्व मिळते असे शिकलेले मूल पुढे दुसऱ्यांस छळते. रडल्यास मार मिळतो असे शिकलेले मूल आपले दुःख लपविते. नकार सोसता येतो आणि राग आला तरी आपली माणसे आपली राहतात, हे शिकलेले मूल पुढे मित्रांत, शाळेत व संसारात आपला तोल सांभाळू शकते. फुगेवाला उद्याही येणार आहे व मूल उद्याही थबकणार आहे. त्या वेळी शांत राहिलेली आई आणि तिच्या शब्दास दुजोरा देणारी आजी, एवढे मुलास लाभले, तर उरलेले काम त्याचे वाढते वय करील.